तुमच्या खिडकीत बसवलेला एसी

नाना, मधल्या खोलीतून मागच्या खोलीत बघायला तुम्ही जी खिडकी ठेवली होती, ती आता नाही. तिथे एसी आहे. तो तिथे मी बसवला. भावाने नाही, मायने नाही, मी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की एसी म्हणजे काय हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. गावात पहिला फ्रिज आला तेव्हा तुम्ही दाराआड उभं राहून पाहिला होता आणि घरी येऊन म्हणाला होतात, "उन्हाळामा पानीले बी गारठा लागस त्या पेटीमा." हीसुद्धा तसलीच पेटी. फरक एवढाच, की ही सगळी खोली गार करते आणि खोलीतली गरमी पाठीमागून बाहेर फेकते. ती कुठे फेकते, याचंच हे पत्र आहे.

तुम्ही वैशाखातल्या दुपारी शेतातून आलात, ओट्यावर बसलात आणि पाणी मागितलंत. तांब्या आणेपर्यंत तुम्ही आडवे झाला होतात. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. मी तेव्हा शहाद्याला कॉलेजात होते. मला निरोप मिळाला आणि मी गावाकडे येणाऱ्या ब्राह्मणपुरीच्या गाडीत बसले. त्या गाडीत मला एकसारखं वाटत होतं की कुणीतरी नानांना सावलीत का नेलं नाही. पुढे दोन उन्हाळ्यांमागे मायलाही तसंच झालं. कापसाच्या वाती वळता वळता ती भिंतीला टेकली आणि बोलेनाशी झाली. शहाद्याला दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टर म्हणाले, आजींना गारव्यात ठेवा, पुढचा झटका झेपणार नाही. दवाखान्यातून बाहेर पडले ती थेट दुकानात गेले आणि विंडो एसी घेऊन टाकला. भाऊ म्हणाला जरा विचार कर. विचार कसला करायचा? एक माणूस त्या उन्हाला दिलं होतं, दुसरं द्यायचं नव्हतं.

आता हसू नका, पण मी भूगोल शिकवते नाना. नंदुरबारच्या शाळेत सहावी-सातवीला दिशा, वारे, तापमान हेच माझं रोजचं. घराचा नकाशा मी आलेखाच्या कागदावर काढला, बाण घातले आणि तो घेऊन गावी आले. मायची मधली खोली, तिला चार भिंती. डावी भिंत चुलतभावाची आणि आपली एकच, ती फोडली तर एसीचं मागचं तोंड त्याच्या देव्हाऱ्यात निघालं असतं. उजवीकडे गल्ली. तिथून उसाच्या ट्रॉल्या अशा घासून जातात की मागच्या वर्षी शेजाऱ्याची पन्हाळ घेऊन गेल्या, भिंतीबाहेर हातभर आलेली पेटी त्यांनी ठेवली असती होय? पुढच्या भिंतीला ओटा. तिथे लावू म्हटलं तर माय खाटेवर उठून बसली. "ओटावर गरम हवा सोडशी ते कोन बसी मन्हाजोडे?" तिचं खरं होतं. ओट्यावर दुपारी चार बायका येऊन बसतात म्हणून तर ती जगते. राहिली मागची भिंत आणि तीत तुमची खिडकी. फ्रेमसाठी अर्धं काम आधीच झालेलं होतं. भाऊ म्हणाला, "मांगली खोली रिकामीच शे, लाव तठे."

रिकामीच होती, नाना. ज्येष्ठ लागायला आला होता, कापूस विकून झाला होता, खोली झाडून लख्ख केलेली होती. मी आत उभी राहून टाळी वाजवली तर आवाज घुमला. शहाद्याहून आलेला एसीवाला मात्र डोकं खाजवत राहिला. म्हणाला, "ताई, मागचं तोंड उघड्यावर पाहिजे. खोलीत खोली गरम करून काय उपयोग?" मी त्याला परसातलं मोठं दार दाखवलं, पत्र्याखालची झरोक्यांची रांग दाखवली, वारा दार ते झरोके कसा वाहतो हे आलेखावर दाखवलं. वर्गात करते तशी त्याची बोलतीच बंद केली. त्याने तुमची खिडकी चारी बाजूंनी वीतभर वाढवली आणि पेटी बसवली. तारेचा जोडही मागच्या खोलीतच, पेटीच्या खाली भिंतीला काढला. दुपारी माय गार वाऱ्यात झोपली आणि मी तिच्या पायाशी बसून रडले. तुमची खिडकी कशासाठी होती हे त्या दिवशी मला एकदाही आठवलं नाही.

आठवायला हवं होतं, कारण त्या खिडकीबद्दल या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. मी तिसरीत होते. वेचणी सुरू झालेली, पहिला कापूस मागच्या खोलीत पडलेला, मायने त्याला हळदकुंकू वाहिलेलं. मला ते फार आवडलं. माय वळल्यावर मी देव्हाऱ्यातली पेटती उदबत्ती आणली आणि तांदळाच्या वाटीत खोचतात तशी ढिगात खोचून हात जोडले. तुम्ही दारातून आत आलात, श्वास घेतलात आणि थांबलात. उदबत्ती उपटली, माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलंत. मग एकट्याने सगळा कापूस ओंजळी-ओंजळीने परसात काढायला लागलात. माय म्हणत होती, काडी काढली ना, आता काय? तुम्ही ऐकत नव्हता. दिवस कलायला आला तेव्हा ढिगाच्या पोटात मुठीएवढी काळी पोकळी सापडली, तिच्या कडेला लाल रेघ फिरत होती. वर कापूस पांढराशुभ्र. तुम्ही मला जवळ ओढलंत, माझा हात धरून शेजारच्या ढिगात घातलात. "खांदालोंग घाल. कापूसनी आग बोलत नही, बाई. ती बठी ऱ्हास. हातलेच समजस." त्याच आठवड्यात तुम्ही मधली भिंत फोडून ती खिडकी केलीत आणि खाट तिच्याखाली सरकवलीत. कापूस घरात असेपर्यंत तुम्ही तिथेच झोपलात, तोंड खिडकीकडे करून. रोज दिवेलागणीला खिडकीतून खांद्यापर्यंत हात घालायचात, डोळे मिटून उभे राहायचात आणि मग हात काढून वास घ्यायचात. मी विचारायची, "काय म्हणस?" तुम्ही म्हणायचात, "थंड शे." मग आपण जेवायला बसायचो. आणि नंदुरबारच्या बाजारातून तुम्ही मला काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, थोबाडीत मारल्याबद्दल. हिरव्या. मी त्या रुसून आठ दिवस घातल्या नव्हत्या.

तर त्या खिडकीत मी पेटी बसवली आणि पावसाळा आला, दिवाळी आली, खोली पुन्हा भरली. शेतकऱ्याची खोली कधी रिकामी नसते, दोन पिकांच्या मध्ये उसंत घेते एवढंच, हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. भावाने नेहमीसारखा कापूस भरला, पत्र्याला टेकेपर्यंत. भाव वर जाईना म्हणून थांबला. मी संक्रांतीला आले, होळीला आले, दोन्ही वेळा मधल्या खोलीत बसले. पेटीच्या मागे काय आहे हे पेटीमुळेच दिसत नव्हतं. चैत्र तापला तसा मायने एसी सुरू केला. मागचं मोठं दार कोण उघडं ठेवणार? शेळ्या शिरतात, वावटळीत कापूस उडतो. ते लावूनच होतं. मी फोनवर एकदा म्हटलं, कापूस काढून टाक की आता. भाऊ म्हणाला, "आखाजी व्हऊ दे, मंग देसू." मी म्हटलं बरं.

मागच्या आखाजीचं सांगते, शाळेच्या कॅलेंडरात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. तुम्हाला माहीतच असणार, त्या दिवशी तुम्ही जेवायला येता. परसात चूल पेटली होती, मागच्या खोलीच्या दारापासून पाच-सहा हातांवर, नेहमीच्या जागी. वहिनी खापरावर मांडे टाकत होती. डेरग्यात, तुमच्या नावाच्या मातीच्या घड्यात, पाणी भरलं, वर आंबा ठेवला. मायचे गुडघे वाकत नाहीत, तरी पितरांचा घास तिने कुणाला टाकू दिला नाही. चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर तूप, मांड्याचा तुकडा, आमरस, तुमचं नाव घेऊन. आगारी चांगली धडकली, ज्वाळ वर आली. माय खूश झाली, म्हणाली पोटभर जेवले. मग आम्हीही जेवलो. दुपारी ती एसीत आडवी झाली, मी शेजारी सतरंजीवर. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत मला चादर घ्यावीशी वाटत होती. डोळा लागता लागता वास आला.

मी म्हटलं, माय, काहीतरी जळतंय. ती डोळे न उघडता म्हणाली, "तुन्हा बापनी आगारीना वास शे तो. गप पडी ऱ्हाय." आगारीचा वास घरभर रेंगाळतो, लहानपणापासून ठाऊक आहे. तुपाचा वास, गोड, जरा करपलेला. हा तुपाचा नव्हता, नाना. चुलीजवळ फडकं धुमसावं तसा होता, कोरडा, आणि पेटीतून येणाऱ्या गार वाऱ्याबरोबर येत होता. मी उठून बसले. पेटीकडे पाहिलं. मागे कापूस आहे हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं, भिंतीतून दिसावं तसं. उठायचं, परसात जायचं, दार उघडायचं, हात घालायचा, एवढंच करायचं होतं. तुम्ही शिकवलं होतं. मी काय केलं सांगू? मी परत आडवी झाले. आखाजीचा दिवस, पाहुणे ओट्यावर, भाऊ झोपलेला, आणि काही निघालं तर सगळे विचारतील ही जागा कुणी ठरवली. आगारीचाच असेल, असं मनाला सांगितलं. मायने सांगितलंय ना. माय त्या भिंतीला डोकं लावून झोपली होती आणि मी तिला तशीच झोपू दिली. त्या दुपारी, त्या संध्याकाळी आणि त्या रात्रीही.

सकाळी चूल गार राख होती, पण वास होता. मी दार उघडून भिंतीच्या कडेने वाट काढत आत गेले आणि पेटीच्या बाजूने ढिगात हात घातला. कोपरापर्यंत थंड. खांद्यापर्यंत घातला आणि ओरडत बाहेर काढला. भाऊ धावत आला, आम्ही कापूस ओढायला लागलो. तुम्ही ओंजळी-ओंजळीने काढला होता, आम्ही घाबरून फावड्यांनी ओढला. आतल्या पोकळीला वारा लागला आणि माणसाएवढी ज्वाळ उठली. वहिनीने मायला खाटेसकट ओट्यावर आणलं. चुलतभावाने पाण्याची मोटार चालू केली, गल्लीतल्या लोकांनी ओली पोती टाकली. विझलं. निम्मा कापूस गेला, भावाचे दोन्ही हात भाजले, मधल्या भिंतीचं प्लास्टर मायच्या उशाच्या मापाने काळं पडून गळलं. लोक ढीग परसात पसरत होते तेव्हा मी एकटी आत राहिले होते. पेटीच्या पाठीमागच्या जाळीवर कापूस थापल्यासारखा चिकटून बसला होता आणि खालचा तारेचा जोड वितळून उघडा पडला होता. आग तिथेच बसली होती. मी ओल्या पोत्याने जाळी पुसली. जोडावर पोतं टाकलं.

बाहेर आले तर निकाल लागलेला होता. चूल दारापासून पाच हातांवर, वर आखाजीचं वारं, आगारी मोठी धडकलेली. कुणीतरी म्हणालं ठिणगी उडाली असणार आणि सगळ्यांनी माना हलवल्या. माय ओट्यावर पदर तोंडाला लावून बसली होती. "मन्हा हातथीन व्हयनं हाई. त्यासले घास देता देता मी घर बाळी टाकं व्हतं." भाऊ हातांना बरफ लावून घेत म्हणाला, "ऱ्हाऊ दे माय. आते रडीसन काय व्हई?" सगळ्यांचं तोंड माझ्याकडे होतं, मी शिकलेली, मी काही बोलेन म्हणून. मी मायच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढंच केलं. मग तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हणाली, "आतेपाईन मन्हा हातनी आगारी बंद. त्यासले सांगी दिधं मी."

नंतर मी गुपचूप एसीवाल्याला बोलावलं, सर्व्हिसिंग आहे म्हणून. त्याने जोड पाहिला, माझ्याकडे पाहिलं. नवी तार टाकली. जाताना म्हणाला, "ताई, याच्या मागे कापूस भरू नका. जाळी तुंबली की मशीन दमतं, आणि दमलं की तापतं." मी म्हटलं, भावाला सांगते. मी भावाला सांगितलं नाही. पावसाळ्यात सांगू म्हटलं, तेव्हा खोली रिकामी होती आणि घाई वाटली नाही. दिवाळीत सांगू म्हटलं, तेव्हा भावाच्या तळहातावरची कातडी नुकती भरली होती, तो वेचणीवाल्या बायांना पाणी देत होता, हसत होता. एकदा बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं, पिठलं छान झालंय, वहिनीने काय घातलं? अशी मी. वर्गात पोरांना खरं बोला म्हणून उभं करते.

आता पुन्हा आखाजी येतेय. खोली भरलेली आहे, पत्र्यापर्यंत. गेल्या वर्षीचं नुकसान भरून काढायचं म्हणून भाऊ यंदा जास्तच थांबलाय. मी फोनवर भीत भीत म्हटलं, यंदा कापूस मागच्या खोलीत नको होता ठेवायला. तो म्हणाला, "आते आगारीच नही ते भ्याव कसानं?" त्याचं बरोबर आहे. जे कारण त्याला माहीत आहे ते त्याने दूर केलंय. चूलसुद्धा परसाच्या पार टोकाला नेली. काळी भिंत मायच्या उशाशी नवीन चुन्याने रंगवली. आणि खाट? खाट तिथेच आहे, तुमच्या जागी, कारण वारा बरोबर तिथेच येतो. फक्त आता खिडकी नाही, आणि तिच्यातून खांद्यापर्यंत हात घालणारं कुणी घरात नाही.

तुम्हाला मागच्या आखाजीनंतर घास मिळालेला नाही, नाना, सर्वपित्रीलाही मायने नुसतं पान मांडलं आणि निखारे आणू दिले नाहीत. ती समजते तिच्या हाताला पाप लागलंय. मी तुमचा घास तोडला आणि तिच्या नावावर घातला, हे मला कुणासमोर तरी म्हणायचं होतं. मेलेल्या बापासमोर म्हणणं सोपं असतं, तो थोबाडीत मारत नाही. माराल तर बरं होईल, खरं तर. हे लिहून घडी घालून आगारीत टाकावं असं आधी डोक्यात होतं, तुम्हाला पोचायची तेवढीच एक वाट मला माहीत होती. ती वाट मीच बंद केली, तेव्हा हे पत्र शाळेच्या वहीतच राहणार.

काल संध्याकाळी मायचा फोन आला. आवाज खुशीचा होता. म्हणाली, "लाई दिधं भाऊनी मशीन. असा थंडगार वारा येस, बाई. तू ये आखाजीले." मग जरा थांबून म्हणाली, कसला तरी वास येतो अधूनमधून, चुन्याचा असेल, नवीन भिंत आहे ना.

मी म्हटलं, असेल.